पाठ टेकलेला पोरगा

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी कागल तालुक्यातला शेतकरी, वय ५२. तरुणपणी आठ वर्षं तालमीत काढली, जत्रेतल्या कुस्त्या केल्या, मोठं नाव झालं नाही. पोरगा १९ वर्षांचा, कोल्हापुरात कॉलेजला आहे आणि सहा वर्षं तालमीत राहतोय. वजन ७४ किलो. खुराकाला महिन्याला १२-१३ हजार पाठवतो, उसाचं बिल येवो न येवो. दिवाळीनंतर पुतण्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. आमचा पोरगा जाड पांढरा झगा घालून आपणहून उताणा पडलाय, दुसरा पोरगा वर आहे आणि भोवतीची पोरं टाळ्या वाजवतायत. विचारलं तर म्हणाला, ब्राझिलियन जिउ जित्सू शिकतोय, पुढं पिंजऱ्यातल्या एमएमएला, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं त्या झुंजीला, उतरायचंय. वस्तादांना अजून पत्ता नाही. त्या रात्री झोप लागली नाही, बीपीची गोळी आधीच चालू आहे. ज्या पाठीला माती लागू नये म्हणून आम्ही जीव काढला, ती पाठ हा स्वतःहून टेकतो. यात काही खरं आहे की नुसतं खूळ? भाकरी आहे का? मान-बिन मोडून घरी आला तर? आडवं यावं की सोडून द्यावं? नाव छापू नये."

दादा,

पत्र दोनदा वाचलं. प्रश्न तुम्ही चार विचारलेत, पण झोप कुठल्या गोष्टीनं उडाली ते पहिल्याच वाचनात कळलं. पोरगा उताणा पडला, तोही आपणहून, आणि वर टाळ्या. भाकरीचं आणि मानेचं बघूच, आधी पाठीचं बोलू.

मीही तालमीतलाच. चोविसाव्या वर्षापर्यंत पहाटे साडेचारला उठून हौदा खणलाय, ताक-हळद-तेल मुरलेल्या मातीत लोळलोय, डावा कान मोडून घेतलाय. माझंही तुमच्यासारखंच, मोठं नाव झालं नाही. पुढं नोकरीनं पुण्याला नेलं आणि अडतिसाव्या वर्षी, सुटलेलं पोट आत घालायला म्हणून, एका जिउ जित्सूच्या क्लासात गेलो. पहिल्याच दिवशी शिक्षक म्हणाले, "पाठीवर झोपा, आजचा धडा तिथून." माझ्या अंगानं ऐकलंच नाही. झोपलो आणि आपोआप पालथा झालो. तीनदा सांगितलं, तीनदा पालथा. पोरं हसायला लागली. त्यांना काय माहीत, आठ वर्षं वस्तादांनी कानीकपाळी ओरडून काय भरवलेलं असतं. माती चाव, पण उताणा होऊ नको.

आपल्याकडं हे शहाणपणच आहे, कारण नियमच तसा. दोन्ही खांदे टेकले की निकाल लागला, हलगी वरच्यासाठी वाजणार, फेटा वरच्याला. जिउ जित्सूत खांदे टेकल्यानं काहीच संपत नाही. समोरचा हार कबूल करेपर्यंत किंवा वेळ संपेपर्यंत झुंज चालूच. मग जो खाली आहे त्यानं करायचं काय? त्यानं पाय वापरायचे. खालच्यानं दोन पायांनी वरच्याची कंबर जखडायची, नाहीतर त्याच्या कंबरेच्या हाडावर टाच लावून त्याला लांब धरायचं, बाही ओढून त्याचा तोल मोडायचा, हात सापडला तर कोपरात लॉक लावायचा, म्हणजे सांधा उलटा ताणायचा, मान सापडली तर पायांनीच आवळायची. या सगळ्याला ते 'गार्ड' म्हणतात. खालचा गार्डमध्ये असेल तर वरच्याला एकही गुण नाही. पाय ओलांडून पलीकडं गेला तर ३ गुण. छातीवर मांड टाकून बसला तर ४. पाठीमागून दोन्ही पाय आत घालून धरलं, आपण सवारी भरतो तसं, तरी ४. खालच्यानं वरच्याला उलटवून स्वतः वर आला तर २. आणि उभ्यानं पाडलं तर, जरा मन घट्ट करा, फक्त २.

तेव्हा तो व्हिडिओ पुन्हा एकदा बघा. वरचा पोरगा तुमच्या पोराच्या दोन पायांच्या मधे आहे, की पाय ओलांडून छातीवर आहे? छातीवर असेल तर तुमचा पोरगा खरोखर अडचणीत होता, टाळ्या वरच्याच्या. मधे असेल तर वरचा अडकलेला होता आणि टाळ्या बहुतेक तुमच्या पोराच्या. बघणाऱ्या पैलवानाला दोन्ही सारखंच दिसतं. मलाही वर्षभर तसंच दिसायचं.

आता हे खूळ आलं कुठून? मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्युदोपटू १९१४ मध्ये ब्राझीलला पोचला. गावोगावी कुस्त्या करत फिरणारा माणूस, आपल्याकडच्या जुन्या पैलवानांसारखाच. त्याच्याकडून ग्रेसी घराण्यातला कार्लोस शिकला, पुढं भाऊ शिकले. त्यातला हेलिओ अंगानं बारका. वरून जोर लावून जमत नाही म्हटल्यावर खालून काय करता येतं यावर त्यांनी सगळी अक्कल खर्च केली. ज्युदोतला जमिनीवरचा भाग तेवढा वाढवत वाढवत वेगळा खेळच झाला.

जगाला तो कळला १२ नोव्हेंबर १९९३ ला. अमेरिकेत डेन्व्हर शहरात यूएफसी या पिंजऱ्यातल्या झुंजी भरवणाऱ्या संस्थेची पहिली स्पर्धा झाली. वजनगट नाहीत, बॉक्सर, कराटेवाले, सुमोवाले सगळे एका पिंजऱ्यात. हेलिओचा मुलगा रॉयस ग्रेसी, ८० किलोच्या आसपासचा, एकाच रात्री तिघांना हरवून जिंकला. पण तुम्हाला सांगण्यासारखी कुस्ती ती नाही. डिसेंबर १९९४ मध्ये चौथ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत रॉयससमोर डॅन सेव्हर्न आला. अस्सल पैलवान, ११५ किलोच्या वर. त्यानं रॉयसला खाली घातलं आणि पंधरा मिनिटं वर बसून राहिला. आपल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हे झालं असतं तर पहिल्याच मिनिटाला हलगी घुमली असती. इथं सोळावं मिनिट भरायच्या आत रॉयसनं पाठीवर पडल्या-पडल्या दोन पायांत सेव्हर्नची मान आणि एक हात त्रिकोणात धरला, आणि वरच्या पैलवानाला हार मानावी लागली. वर बसून पुढं करायचं काय हे सेव्हर्नला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याच्या खेळात तिथं कुस्ती संपत होती.

गोष्ट इथंच थांबवून "बघा, जिउ जित्सू श्रेष्ठ" म्हणणारे क्लासवाले पुष्कळ आहेत. तुमच्या पोराच्या डोक्यातही ते भरलेलं असेल. पुढचं ऐका. मे २००६ मध्ये याच रॉयससमोर मॅट ह्यूज उतरला. हाही पैलवानच, पण मधल्या बारा वर्षांत पैलवानांनी जिउ जित्सू शिकून घेतलं होतं. ह्यूजनं त्याला पाडलं, पाय ओलांडले, त्याचाच हात लॉकमध्ये धरला, मग त्याच्या पाठीवर चढून वरून ठोसे लावले. पहिल्याच फेरीत निकाल. रॉयस तोवर ३९ वर्षांचा झाला होता हेही खरं, पण खेळ बदलला होता हे जास्त खरं.

म्हणून माझं मत असं, की तुमच्या पोराकडं सहा वर्षांची जी कुस्ती आहे तीच त्याची जमीन. जिउ जित्सूवाल्यांची खरी दुखरी नस उभ्यानं पाडणं ही आहे. कित्येक क्लासांत दोघं गुडघ्यावर बसूनच लढत सुरू करतात. स्पर्धेत काही जण समोरच्याची कॉलर धरून आपणच खाली बसतात, पाडापाडीची कटकटच नको. पिंजऱ्यात असं बसलात तर वरचा माणूस बोटं उघडी असलेल्या पातळ हातमोज्यांनी तोंडावर ठोसे घालतो, तिथं बाही ओढायला बाहीच नसते. एमएमएत झुंज उभ्यावर चालायची की खाली, हे जो ठरवतो त्याचं निम्मं काम झालं, आणि ते ठरवायची ताकद तालमीत तयार होते. तुमच्या १२-१३ हजारांतलं काहीही वाया गेलेलं नाही.

पण तीच तालीम तीन सवयी अशा लावते की त्या खेळात जिवावर बेततात. हे जरा सविस्तर सांगतो, कारण पोराशी बोलताना तुम्हाला उपयोग होईल.

पहिली सवय पट काढतानाची, म्हणजे वाकून समोरच्याचे पाय धरून पाडतानाची. आपण दुहेरी पटात शिरलो की डोकं बाहेर, त्याच्या बरगडीला लागून जातं. कुस्तीत त्याला फारशी शिक्षा नाही. तिथं मात्र मान थेट त्याच्या काखेत जाते. तो हात गळ्याखालून घालतो, दोन्ही हात जुळवतो, आणि तुम्ही त्याला उचलून आपटलात तरी तो पडता-पडता पाय कंबरेला आवळून मान सोडत नाही. याला गिलोटिन म्हणतात. भारतात जन्मलेला यूएफसीमधला पहिला खेळाडू भरत खंडारे, आपल्या महाराष्ट्रातला. नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये त्याची पहिली झुंज झाली, आणि सोंग यादोंगनं पहिल्याच फेरीत याच पकडीत त्याला हरवलं. इतक्या वरच्या पातळीवर गेलेल्याचीही मान सापडते, तर आपल्या पोरांचं काय. उपाय शिकता येतो. डोकं आत, छातीला घासून न्यायचं, नजर वर. अडकलंच तर मान ज्या बाजूच्या काखेत आहे तिच्या उलट बाजूला अंग फिरवायचं. पण हे डोक्याला कळून उपयोग नाही, अंगाला कळायला हवं, आणि त्याला महिने लागतात.

दुसरी सवय पालथं पडायची. तुमच्या-माझ्या हाडात बसलेली. खाली आलो की पोटावर, कोपरं अंगाशी, मान आत. मातीत पंचाचा हात येईपर्यंत असं पडून वेळ काढता येतो. जिउ जित्सूत पालथा पडलेला माणूस म्हणजे ताटात वाढलेलं जेवण. तो पाठीवर चढतो, पाय आत घालतो, हनुवटीखालून हात सारतो. मग सुटका नाही.

तिसरी, वर असताना हात ताठ करून रेटायची. ताठ हात म्हणजे लॉकला आमंत्रण. रितू फोगट, कुस्तीतल्या फोगट घराण्यातली, २०१९ पासून एमएमएत गेली. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरला एका एमएमए स्पर्धेच्या अंतिम फेरीत समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स होती, मूळची लाथा-ठोशांच्या मुय थाईतली. पाडापाडीत रितू कितीतरी सरस. पण दुसऱ्या फेरीत रितूचाच हात तिनं कोपरात लॉक केला. लाथा मारणारी पोरगी पैलवान पोरीला जमिनीवर हरवते, कारण तिनं तेवढं जिउ जित्सू शिकून घेतलेलं असतं. हे पोराला सांगा, आणि तुम्हीही लक्षात घ्या. एमएमएला उतरायचं असेल तर हे शिकणं हौसेचं उरत नाही.

आता मानेचं. घाबरवत नाही, पण माझं झालं ते सांगतो. क्लासात तिसऱ्या आठवड्यात बँकेत काम करणारा एक पोरगा माझ्या वाट्याला आला. साठ किलो असेल-नसेल, चष्मा काढून खिडकीत ठेवून आला होता. मी त्याला दुहेरी पटात असा उचलला की मलाच बरं वाटलं. खाली घातला. मान काखेत. त्यानं आवळलं. मला वाटलं, साठ किलोचं पोरगं, थोड्या वेळात दमेल. डोळ्यांपुढं काजवे आले तरी मी दात आवळून होतो, कारण तालमीत "सोड" म्हणायची रीत नाही. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा कुणीतरी माझे पाय वर धरले होते आणि ते पोरगं पांढरंफटक पडून विचारत होतं, "काका, टॅप का नाही केलंत?"

मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या की दहा-एक सेकंदात शुद्ध जाते. लगेच सोडलं तर माणूस तितक्याच लवकर भानावर येतो. पण हा खेळ चालतो तो सोडण्यावर. हातानं दोनदा थाप मारली, समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर, की त्यानं त्याच क्षणी सोडायचं. याला टॅप म्हणतात. रोजच्या सरावात चांगला खेळाडू पाच-सहा वेळा टॅप करतो आणि पुन्हा सलामी देऊन बसतो. आपल्या लोकांना हे फार जड जातं. तुम्हाला अक्रम पैलवानाची गोष्ट माहीत असेल. गामाच्या भावाचा, इमाम बक्षचा मुलगा. डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत जपानच्या अँतोनिओ इनोकीनं त्याचा हात मागं पिरगळून लॉक लावला. अक्रमनं हार मानली नाही. हात गेला. हीच पकड जिउ जित्सूत 'किमुरा' या नावानं शिकवतात, कारण १९५१ ला रिओच्या माराकाना मैदानात जपानच्या मासाहिको किमुरानं याच पकडीत हेलिओ ग्रेसीचा हात मोडला. हेलिओनंही टॅप केलं नव्हतं, भावानं टॉवेल टाकला. म्हणजे बघा, जिउ जित्सूच्या मूळ पुरुषालाही हा धडा जमला नव्हता. तुमच्या पोराला जमला पाहिजे. त्याला इतर काही विचारू नका, एवढंच विचारा: आज किती वेळा टॅप केलंस? "एकदाही नाही" म्हणाला तर काळजी करा.

क्लास कसा आहे ते मात्र तुम्ही स्वतः जाऊन बघा. लांबून नको, तासभर गादीच्या कडेला बसून. टॅप झाल्यावर समोरचा लगेच सोडतो की अजून एक पीळ देतो, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. माझा उजवा खांदा पावसाळ्यात अजून दुखतो, कारण पुण्यातल्या दुसऱ्या एका क्लासात शिक्षकानंच टॅपनंतर "अजून थोडं सोस" म्हणत पीळ दिला होता. नाव घेत नाही, पण तिथं मी परत गेलो नाही. शिक्षकाला पट्टा कुणी दिला ते विचारा, खरा असेल तो आनंदानं गुरूचं आणि गुरूच्या गुरूचं नाव सांगेल. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असे पट्टे, आणि काळ्यापर्यंत जायला दहा वर्षं सहज लागतात. दोन वर्षांत काळा पट्टा देतो म्हणणाऱ्याच्या दारातूनच मागं फिरा. पाय पिरगळायचा 'हील हूक' नावाचा डाव नवख्यांना शिकवत असतील तर ते बंद करायला सांगा. त्यात दुखायच्या आधी गुडघा जातो, आणि मोठ्या स्पर्धांत पांढऱ्या पट्ट्याला तो चालतच नाही. गादी रोज पुसतात का तेही बघा. आपल्या मातीत हळद असते, तिथल्या फोमच्या गादीत नसते. नायटा एकाला झाला की आठवड्यात सगळ्यांना. नखं कापलेली, सरावानंतर लगेच अंघोळ, झगा रोज धुतलेला. खोलीत तो बादलीत भिजत पडलेला दिसला तर चार शब्द खुशाल सुनवा.

एवढं जिउ जित्सूचं. पिंजऱ्याचं वेगळं आहे, आणि तिथं मी तुमच्या बाजूला आहे. गळा आवळला तर टॅप करता येतो, ठोसा टॅपची वाट बघत नाही. डोक्याला बसलेला मार साठत जातो. १९ वर्षांच्या पोराला सहा महिन्यांच्या क्लासवर कुणी "पुढच्या महिन्यात शो आहे, उतर" म्हणत असेल, तर तिथं खुशाल आडवे या. माझा हिशोब असा: आधी दीड-दोन वर्षं नुसतं जिउ जित्सू, त्यातल्या स्पर्धा झग्यासकट आणि झग्याशिवाय. दुसऱ्या वर्षापासून बॉक्सिंग आणि लाथा, पण सरावातल्या लढती हलक्या हातानं. मग हौशी झुंज, तीही जिथं बाजूला डॉक्टर बसलेला असतो, वजन नीट होतं आणि समोरचा जोड त्याच्याच पायरीचा असतो. जोड लावण्यात फसवाफसवी कशी होते हे जत्रेत कुस्त्या केलेल्या माणसाला मी काय सांगावं. सरावात भोवळ आली, ओकारी झाली किंवा डोकं दुखत राहिलं तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत लढत बंद.

भाकरीचं थोडक्यात. भरवशाची नाही. जु-जित्सू २०१८ पासून एशियाडमध्ये आहे, ऑलिंपिकमध्ये नाही. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठला खेळ, कुठली स्पर्धा आणि कुठलं प्रमाणपत्र धरतात याची अट बारीक असते. गल्लीतल्या कुणा 'फेडरेशन'च्या रंगीत कागदावर हजारो रुपये घालायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारा. कुस्तीत तरी भाकरी कुणाची झाली? महाराष्ट्र केसरी झालेल्यांची झाली, तुमची-माझी नाही झाली. तुम्ही उसावर जगलात, मी नोकरीवर. पोरानं पदवी पूर्ण करायची, ही अट घाला. ती घालायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पैसे तुमचे आहेत.

राहिले वस्ताद. हे लपवणं मला सगळ्यात खटकलं. तालमीत राहायचं, तिथलं पाणी प्यायचं आणि संध्याकाळी गुपचूप दुसऱ्याच्या गादीवर जायचं, हे बरं नाही. व्हिडिओ तुमच्या पुतण्याकडं आलाय म्हणजे आज ना उद्या वस्तादांच्या मोबाइलवर येणारच, कोल्हापूर केवढं आहे. त्यानं स्वतः जाऊन सांगावं. तुम्ही बरोबर जा, पण बोलू द्या त्यालाच. वस्ताद चिडतील. चिडू द्या. मातीतला पैलवान गादीवर गेला तेव्हाही आपल्याकडं अशीच कुरकुर झाली होती. १९४८ ला लंडनला खाशाबा जाधव गेले तेव्हा गादीची आणि तिथल्या नियमांची सवय नसताना सहावे आले. मग ते नियम अंगात मुरवले आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं. आज महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी दोन्ही विभाग आहेत, कुणाला त्याचं काही वाटत नाही. वस्तादांना हे तुम्ही सांगायला जाऊ नका, त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. फक्त वेळेचं ठरवून घ्या. दिवाळीनंतर चैत्र-वैशाखातल्या जत्रांपर्यंत मैदानं असतात, तोवर तालीम पहिली, क्लास आठवड्यातून दोनदा. पावसाळ्यात मैदानं थंडावतात, तेव्हा क्लास वाढवा. आणि क्लास तालमीतल्या संध्याकाळच्या मेहनतीच्या वेळीच असेल तर क्लासाची दुसरी तुकडी बघा. दोन्हीकडं अर्धवट दमलेलं अंग घेऊन गेला तर दुखापत तिथंच होते.

तेव्हा आडवं येऊ नका, पण नुसतं सोडूनही देऊ नका. या शनिवारी त्याला गावी बोलवा. जेवणाआधी सोप्यात सतरंजी टाका आणि म्हणा, "काय शिकलास ते माझ्यावर करून दाखव." तुम्ही वर, तो खाली, पाठीवर. आठ वर्षं तालमीत काढलेला माणूस आहात, पाय ओलांडायचा प्रयत्न करा, बघा जमतंय का. फक्त बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा मान देऊ नका, हात द्या. कोपरात ताण आला की त्याच्या मांडीवर दोन थापा मारा. तो सोडेल.